गोधडीच्या पोटातलं भात

गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायचा राहिला की काकी सुई थांबवतात. कमरेच्या चंचीतून भाताचे चार-पाच दाणे काढतात, उघड्या कोपऱ्यातून आत सारतात आणि मग भराभर टाके घालतात. तांदूळ नव्हे, भात. साल न काढलेलं, त्यांच्या कोकणातल्या मळ्यातलं, दर वर्षी गावाहून येणाऱ्या पिशवीतलं. गोधडीचं पोट उपाशी ठेवून ती कुणाच्या अंगावर द्यायची नाही, असं त्यांच्याकडे मानतात.

ताईनं एकदा त्यांना विचारलं होतं, "काकी, भातच कशाला? वरच्या डब्यात तांदूळ आहेत की चांगले."

"तांदूळ मेललो," काकी म्हणाल्या. "भात जितां आसता. पेरलां तर उगवतलां."

मी शेजारी बसून वाचत होते. ऐकलं आणि पान उलटलं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. बँकेतली नोकरी सोडून तिनं त्या खोलीत जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते आणि तिच्या या उद्योगाकडे जरा कौतुकानं, जरा शंकेनं बघत होते. भांडुप-कांजूरच्या बायका यायच्या. बहुतेकींचे वडील किंवा सासरे एके काळी गिरणीत होते, घरी कोकणातलं बोलणं. काकी त्यांच्यात सगळ्यांत वडील. त्यांचे यजमानही गिरणीतलेच; गिरणी बंद पडल्यावर काकींनी सुई हातात घेतली ती अजून ठेवलेली नाही.

या गोधड्या लंडनला जायच्या. तिथं एका बाईंचं दुकान होतं, आणि नवऱ्याचं गाव डब्लिन असल्यामुळे तिथंही एक लहानसं. आमचा सगळा माल लंडनला उतरायचा. मग त्या बाई त्यातला अर्धा आपल्या गाडीत घालून बोटीनं पलीकडे न्यायच्या. देश दोन, मध्ये समुद्र, पण एका खोलीतली चादर दुसऱ्या खोलीत न्यावी तसं सगळं सोपं होतं. ब्रिटन आणि आयर्लंड दोन्ही युरोपच्या एकाच सीमाशुल्क संघात होते. एकदा आत शिरताना शुल्क भरलं की पुढं कुणी काही विचारायचं नाही.

मग ब्रिटन त्या संघातून बाहेर पडलं. वर्तमानपत्रात त्याबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं; पण आमच्या घरात ते शिरलं एका ईमेलमधून. लंडनच्या बाईंची गाडी बंदरावर थांबवली होती. या गोधड्या ब्रिटनमध्ये बनलेल्या नाहीत, भारतातून आल्या आहेत, म्हणून लंडनला शुल्क भरलेलं असलं तरी इथं ते पुन्हा भरा, आणि कागद कुठे आहेत ते दाखवा.

ताईनं ते ऐकलं आणि हसली. "म्हणजे एकाच गोधडीला दोनदा तिकीट?"

त्यानंतर आमच्याकडे एक नवीन काम सुरू झालं. ते माझ्याकडे आलं. सरकारी सूचना वाचून दाखवायच्या. ताईला इंग्रजी उत्तम येत होतं, पण असल्या इंग्रजीचा तिला कंटाळा. ती साड्यांचे काठ उसवत बसायची आणि मी मोठ्यानं वाचायचे. आपल्या सरकारची सूचना, ब्रिटनची सूचना, युरोपची सूचना. एक नियम अमुक तारखेपासून लागू, मग तो पुढे ढकलला, मग पुन्हा ढकलला, मग अचानक लागू. मी सकाळी उठले की वर्तमानपत्राच्या आधी ती संकेतस्थळं उघडायला लागले. काही बदललं असेल या भीतीनं उघडायचे, आणि काही बदललेलं नसलं तरी आपल्या नजरेतून काहीतरी सुटलं असेल म्हणून पुन्हा वाचायचे. आपल्या सरकारनं ब्रिटनशी करार केला तेव्हा लोक पेढे वाटतात तशा बातम्या आल्या. युरोपशी बोलणी तेव्हा अजून चालूच होती. म्हणजे लंडनच्या गोधडीला एक कायदा आणि डब्लिनच्या गोधडीला दुसरा. शिवणारे हात तेच, साड्या त्याच.

"डब्लिनचा माल आता थेट डब्लिनला पाठवायचा," ताईनं शेवटी ठरवलं. "लंडनवरून वळसा नको. जे काही शुल्क असेल ते एकदाच."

तोपर्यंत ती आजारी पडली होती.

आजार कळल्यावर तिनं कपाट उघडून आपल्या साड्या काढल्या. पलंगावर त्यांचे तीन ढीग केले. एक मला, एक वाटून टाकायला आणि एक काकींना, गोधडीसाठी. ती गोधडी तिच्या मुलीला द्यायची होती. माझी भाची नोकरीनिमित्त डब्लिनलाच असते, दुकानापासून फार लांब नाही. गोधडीच्या ढिगात ताईच्या रोजच्या सुती साड्या होत्या, बँकेत नेसायची त्या, एक नारळी काठाची, आणि एक मोरपंखी, गुळगुळीत, आखाती देशात नोकरीला असलेल्या मामेभावानं तरुणपणी तिला आणलेली जपानी साडी.

मी तेव्हा मालाचा मूळ देश ठरवण्याचे नियम वाचत होते. कापड कुठलं, सूत कुठलं, शिवण कुठली.

"ही जपानी," ताई म्हणाली, "आणली दुबईहून, नेसले मुलुंडला, शिवणार काकी. मग माझ्या गोधडीचा मूळ देश कुठला गं?"

मी खरंच नियम शोधू लागले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, हसायचं असतं अशा वेळी."

भाची शेवटच्या आठवड्यात आली. तेरावं झाल्यावर परत गेली. गोधडी तेव्हा अर्धीच झाली होती. "मी पाठवते," मी म्हटलं. कशी पाठवायची हेही ताईच सांगून गेली होती. "ऑर्डरच्या खोक्यातच टाक. वेगळं कुरिअर कशाला? डब्लिनलाच तर जातंय." तिचा स्वभावच तसा. गावाला जाणाऱ्या कुणाच्याही पिशवीत ती एखादी बरणी सरकवायची.

तर डब्लिनचा पहिला थेट माल गेला तो असा, ऑर्डरच्या गोधड्या आणि त्यांच्यात सगळ्यांत तळाशी ताईची. अंधेरीला सहारच्या बाजूला आमच्या कस्टमच्या एजंटचं ऑफिस आहे. ताई त्यांना भाऊ म्हणायची. त्यांनी तीही गोधडी बिलावर चढवली. "लपवायचं काही नाही मॅडम, सगळं लिहून टाकलंय," ते म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

ईमेल आला तो दुपारी. मी एकटीच जेवत होते. डब्लिनच्या एजंटनं लंडनच्या बाईंना लिहिलेलं, आणि त्यांनी ते मला पुढं पाठवलेलं. माल तपासायला काढला असताना एका गोधडीचा कोपरा सुटला आणि टेबलावर दाणे पडले. दाणे भाताचे, सालासकट, म्हणजे रुजू शकणारं बी. बियाण्याचा उल्लेख कागदांवर कुठेच नाही, सोबत कृषी खात्याचा दाखला नाही. मग त्यांनी दुसरी गोधडी चाचपली, तिसरी चाचपली. सगळ्यांत दाणे. माल रोखला आहे. एक तर परत न्या, नाही तर तो नष्ट केला जाईल. मुदतीत कळवा, तोवर गोदामाचं भाडं चढत राहील.

खाली लंडनच्या बाईंची एक ओळ होती. त्या चांगल्या आहेत, ताई गेल्यावर त्यांनी फार मनापासून लिहिलं होतं. पण ही ओळ दुकानदाराची होती. माझ्या मते नष्ट करणंच सोपं आणि स्वस्त, नव्या करून पाठवाल का, बियांशिवाय?

नष्ट करणं म्हणजे जाळणं. ते मी शोधून वाचलं. वाचायला नको होतं.

ताट तसंच ठेवून मी उठले. लंडनच्या बाईंना काय लिहू ते सुचेना. त्यांना त्या तळाच्या गोधडीबद्दल माहीत नव्हतं, आणि इतक्या गोधड्यांमधली एक कुणाची आहे हे कोणत्या शब्दांत लिहायचं? मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आले. त्या दुपारी मला तीन ओळी लिहिता आल्या नाहीत. शेवटी रिक्षा केली आणि पवईवरून अंधेरीला गेले. सगळ्या रस्त्याला खोदकाम होतं. मी पर्समधला मोबाईल काढून तो ईमेल पुन्हा पुन्हा वाचत होते. एखादं वाक्य आता वेगळं निघेल, अशी आशा होती.

"मॅडम, वाट लागली," एजंट मला बघताच म्हणाले. त्यांना आधीच कळलं होतं. चहा मागवला. "तांदूळ असता ना, तर मी भांडलो असतो. बोललो असतो, साहेब, धार्मिक आहे, चार दाणे आहेत, जाऊ द्या. पण भात म्हणजे बी. बी म्हणजे शेती. आणि शेतीचं तिकडे खातंच वेगळं. त्या खात्यात माझ्या ओळखीचं कुणी नाही."

"पहिल्या खात्यात होतं?"

"तिथेही नव्हतं," ते म्हणाले. "पण कस्टमवाल्याशी कसं बोलायचं ते मला कळतं. शेतीवाल्याशी काय बोलू? पाऊस कसा आहे विचारू?"

एरवी मी हसले असते. "इतकी वर्षं लंडनला जात होत्याच की. तेव्हाही आत दाणे होतेच."

"तेव्हा कुणी कोपरा उसवून बघितला नाही, नशीब. आता डब्लिनला आपण नवीन पार्टी. नवीन पार्टीचा माल उघडतातच."

"परत मागवला तर?"

त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "परत आला की तो आयात झाला. जुन्या कपड्यांचा माल! आपलेच लोक इथे विचारणार, परवाना कुठाय? डब्लिनला अडकलेला माल तुम्हाला निदान दिसत नाही. इथे अडकला तर तुम्ही रोज या रस्त्यानं याल."

"त्यातली एक वेगळी काढता येईल का? फक्त एक?"

ती कुठली हे त्यांना माहीत होतं; बिलावर त्यांनीच चढवली होती. "एक खोकं, एक बिल, एक निर्णय," ते म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. मग म्हणाले, "एक करता येईल. दाणे काढून टाकतो, तुमच्या समोर काढतो, असं विचारून बघायचं. माल नियमात बसवून देतो म्हणायचं. बऱ्याच ठिकाणी चालतं. पण ते तिथल्या पार्टीनं मागायला पाहिजे. म्हणजे तुमच्या लंडनच्या बाईंनी. आणि तिकडे जाऊन उसवणार कोण?"

कोण, ते मला तिथंच कळलं. रिक्षात बसल्या बसल्या भाचीला फोन लावला. तिच्याकडे सकाळ संपत आली होती, ती ऑफिसात होती. मी सांगायला लागले.

"मावशी, रडू नकोस, सिग्नलला उभी आहेस ना? मला हॉर्न ऐकू येतायत. घरी जा," ती म्हणाली. "त्या बाईंचा नंबर दे. मी बोलते."

ती त्यांच्याशी काय बोलली ते मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी लंडनच्या बाईंचं उत्तर आलं, फक्त एवढंच: मी अर्ज केला आहे, आणि मला माहीत नव्हतं, माफ करा.

दुसऱ्या दिवशी खाली खोलीत जाऊन बायकांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं. सगळ्यांचे हात थांबले.

"म्हंजे?" काकी म्हणाल्या. "भात पकडलां?"

"पकडलं, काकी."

"चोरासारख्यां?"

सगळ्यांत तरुण जी होती, कांजूरची, ती फणकाऱ्यानं म्हणाली, "तरी मी म्हणत होते काकी, बाहेरच्या मालात नको घालू. आता भरा."

"तू म्हणत हुतंस?" काकींनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तू तर माज्याकडून दाणे मागून घेतंस. तुजो भाताचो डबो कायम घराक रवता."

दोघीतिघी हसल्या. काकी नव्हत्या हसल्या. चंचीची नाडी सोडत, बांधत, त्या बराच वेळ बसल्या. मग स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, "उपाशी गोधडी मी कधी कोणाक देवक नाय."

मला त्यांचा राग आला होता. कबूल करायला हरकत नाही. चार दाण्यांपायी ताईची गोधडी जळणार, आणि या बाईला वाईट वाटतंय ते गोधडी उपाशी राहण्याचं. त्या काही वेळानं उठल्या, नळावर गेल्या आणि तोंड धुऊन आल्या. त्यांचे डोळे बघितल्यावर माझा राग तिथंच सरला.

परवानगी येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, नीट आठवत नाही. पुस्तक हातात घ्यायचे, एक परिच्छेद चारदा वाचायचे. ईमेलचा आवाज मोबाईलवर मोठा करून ठेवला होता, तर दुकानांच्या जाहिरातींनाही धावत जाऊन बघायचे. रात्री झोप लागायची, पण सकाळी जाग आल्या आल्या पहिला विचार तोच, गोदाम. ते मी कधी पाहिलेलं नाही. तरी त्याचे पत्रे, त्याचा थंड गिलावा, एका बाजूला रचलेली खोकी, सगळं मला दिसायचं.

शेवटी परवानगी आली. एक दिवस, एक माणूस, अधिकाऱ्यासमोर. सगळे दाणे काढायचे. त्यानंतर कुठल्याही गोधडीत एकही दाणा सापडला तर सगळा माल नष्ट.

ती शेवटची अट सगळ्यांत अवघड होती. कारण प्रत्येकीचा कोपरा वेगळा. ही गोष्ट बाहेरच्या कुणाला माहीत नसते. गोधडी शिवताना कुणी डोक्याकडून सुरुवात करते, कुणी पायाकडून. जिथं संपेल तो तिचा कोपरा, आणि दाणे तिथे. शिवून झाल्यावर चारही कोपरे सारखे दिसतात. वर त्रिकोणी ठिगळ असतं, जाड. बोटांना दाणा लागेलच असं नाही.

भाची म्हणाली, "प्रत्येकीनं आपापल्या गोधडीचं बोलून पाठवा. मी तिथे लावते आणि उसवते."

मग खोलीत बायकांनी एकेक करून माझ्या मोबाईलमध्ये बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा लाजत, मग अजिबात न लाजता. "माझी ती जांभळ्या काठाची, मधे पिवळा चौकोन, पायाकडचा डावा." "बाय, माजी लाल ठिपक्यांची, डोक्याकडे बघ, उजवीकडे, टाके बारीक आसत, धागो तोडू नको, सोडव." कांजूरचीनं आपल्या तीनही गोधड्यांचं सांगून झाल्यावर वर घातलं, "आणि जेवून जा गं. तिकडे थंडी असते."

काकी सगळ्यांत शेवटी बोलल्या. त्यांच्या ऑर्डरच्या गोधड्या झाल्या. मग ताईची राहिली. मी मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला. त्या थांबल्या. पदर सारखा केला.

"मोरपंखी काठाची," त्या म्हणाल्या. "पायाकडचो डावो कोपरो." आणि मोबाईल हातानं बाजूला सारला.

त्यांच्या त्या थांबण्यात काहीतरी होतं. माझ्या लक्षात आलं, पण मी स्वतःला समजावलं की ताईची म्हणून त्यांना जड गेलं असेल.

त्या दिवशी भाची सकाळी नऊला गोदामात शिरली, आमच्याकडे जेवणवेळ उलटून गेली होती. मी तळमजल्यावरच बसले. काम कुणी करत नव्हतं. मधूनमधून तिचे निरोप यायचे. अधिकारी बाई नाही, बुवा आहे, वयस्क. मेज आहे, दिवा आहे, कात्री दिली नाही, टाके उसवायचं हत्यार दिलंय. पहिली झाली. मग, त्या बुवानं विचारलं या कोण बोलतायत. मग, मावशी, इथे सगळ्या गोदामात मालवणी घुमतंय, पलीकडचे दोघे जण हातातलं काम टाकून ऐकतायत.

खोलीत बायका हसल्या. काकी उठून माझ्याजवळ आल्या.

"बाय," त्या हळू म्हणाल्या, "तुका एक सांगूचां रवलां."

मी वर बघितलं.

"तायच्या गोधडीत चारय कोपऱ्यांनी आसत."

मला आधी कळलंच नाही.

"दुखण्यातलां माणूस. एका कोपऱ्यान काय होताला, म्हणान चारय भरलंय. परवा सांगूक जीभ रेटली नाय. म्हटलां, एक काढलो की झालां, तीन रवतले तिच्या पोरीकडे."

मी फोन लावला. भाचीनं उचलला नाही. पुन्हा लावला. लिहिलं: आईच्या गोधडीत चारही कोपऱ्यांत आहेत. पाठवलं. निरोप गेला, पण तिनं वाचल्याची खूण येईना. तिच्या दोन्ही हातांत काम असणार, मोबाईल मेजावर पडलेला, त्यातून काकींचाच आवाज येत असणार: पायाकडचो डावो कोपरो. ती तो एक उसवणार, दाणे काढणार, झालं म्हणणार. आणि तो माणूस बाकीच्या कोपऱ्यांवरून हात फिरवणार. सगळ्या बायकांचं काम, काकींची नजर, ताईच्या साड्या, सगळं एका खोक्यात आणि एका निर्णयात. आणि तिला निरोप मिळालाच, तर ती त्या माणसाला काय सांगणार? आधी एक म्हणालो होतो, आता चार आहेत? मग बाकीच्या गोधड्यांवर तो का विश्वास ठेवील?

काकी माझ्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवलेला होता.

बऱ्याच वेळानं भाचीचाच फोन आला.

"मावशी, तुझा निरोप आत्ता बघितला," ती म्हणाली. "झालं ते आधीच."

"काय झालं?"

"चारही उसवले. काकींचं ऐकलं, एक उसवला, आणि मला राहवेना. बाकीचे चाचपले. मला हाताला लगेच कळतात गं ते. लहानपणी काकींनी शिवलेल्या माझ्या गोधडीत झोप येईपर्यंत तेच तर करायचे, कोपऱ्यातले दाणे इकडून तिकडे फिरवायचे. आई ओरडायची. त्याला सांगितलं, अजून तीन आहेत."

"मग?"

"मग तो म्हणाला, आधीच्यांचंही पुन्हा बघू. बघितलं. सगळ्यांचे चारही कोपरे, एकेक करून, दोघांनी मिळून. काही नाही निघालं. त्याला वाटलं मी दमले म्हणून रडतेय. खुर्ची आणून दिली."

दाणे एका पाकिटात घालून, सील करून, ते जाळायला घेऊन गेले. गोधड्या सुटल्या.

लंडनच्या बाईंनी पुढची ऑर्डर दिली, पण अट घातली. प्रत्येक मालासोबत आम्ही सही करून द्यायचं की आत धान्य, बी, वनस्पतीचा कुठलाही भाग नाही. मी बायकांना वाचून दाखवलं. काकी म्हणाल्या, "बाहेरच्या ऑर्डरचां ना? बरां." आणि चंची घरी ठेवून येऊ लागल्या.

मध्ये भाचीनं फोटो पाठवला. ताईच्या गोधडीचे चारही कोपरे तिनं बंद केले होते, काळ्या दोऱ्यानं, आडवेतिडवे, मोठमोठे टाके. मी फोटो काकींना दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला.

"ह्ये टाके? ह्येच्यापेक्षा त्या सायबान बरे घातले आसते," त्या म्हणाल्या. "सांग तिका, पयल्याच धुण्यात सुटतले. उसव नि परत घाल."

मी तसं लिहून पाठवलं. कोपरे बंद करताना आत काही घातलं का, हे मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं.

सही आता मी करते, ताईच्या जागी. सही करण्याआधी प्रत्येक गोधडीचे चारही कोपरे मी चिमटीत धरून बघते. एकदा बघून समाधान होत नाही, म्हणून पुन्हा बघते. मग खोकं बंद होतं आणि मी वर जाऊन त्या दिवशीच्या सूचना वाचते. युरोपशी आता काय ठरतंय, ब्रिटनचं काय, काही पुढे ढकललं का. खोकं पोचल्याचा निरोप येईपर्यंत अन्न गोड लागत नाही.

परवा मी अशीच एकेक कोपरा चाचपत होते. काकी समोर बसून सुईत दोरा ओवत होत्या. बराच वेळ त्यांनी बघितलं.

"विश्वास नाय माज्यार?"

"आहे की, काकी."

"मगे कित्याक चिमटे काढतंस तिका?"

मी पुढची गोधडी ओढली आणि तिचा पहिला कोपरा धरला.